यंत्रांची मोजदाद आणि कामाचे माप

प्रत्येक काळात काही शब्द असे असतात की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याचे कारणच उरले नाही, अशी बोलणाऱ्याची व ऐकणाऱ्याची सारखीच समजूत होते. 'उत्पादकता' हा आजचा तसा शब्द आहे. घरबांधणीच्या धंद्याविषयी लिहिणारे व बोलणारे लोक हल्ली एकमुखाने सांगतात की, आमचा हा धंदा मागासलेला आहे; कारण तो अजून हातांवर चालतो. आमचा गवंडी सावकाश, आमचा बिगारी आळशी, आमची घमेली-फावडी पुराणकाळची! यास्तव यंत्रे आणा, म्हणजे उत्पादकता वाढेल. उत्पादकता वाढली म्हणजे घरे स्वस्त होतील आणि ती वेळेवर मिळतील. ही साखळी इतकी सरळ दिसते की, तिच्या कड्या ओढून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आम्हांस ती ओढून पाहावयाची आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. यंत्रांशी आमचे वैर नाही. चार मजले शिडीवरून डोक्यावर घमेले नेणाऱ्या बाईच्या श्रमात काही पावित्र्य भरले आहे, असे मानणाऱ्या भाविकांपैकी आम्ही नव्हे. आमचा वाद मापाशी आहे. ज्या मापाने हे लोक आमच्या बांधकामाला मागासलेले ठरवितात, ते माप कामाचे नाहीच. ते कधी सिमेंटचे असते, कधी यंत्रांच्या किमतीचे, तर कधी नुसत्या स्लॅबांच्या संख्येचे. खोटा तराजू हाती घेऊन केलेला निवाडा खरा कसा ठरावा? आणि ह्या निवाड्याची शिक्षा मात्र दोन खऱ्या माणसांना भोगावी लागते: एक घर बांधणारा मजूर आणि दुसरा घर विकत घेणारा गृहस्थ.

प्रथम उत्पादकता म्हणजे काय ते पाहू. जेवढे काम निष्पन्न झाले त्याला, ते करण्यास लागलेल्या श्रमाने भागले म्हणजे जो आकडा येतो, तो श्रमाची उत्पादकता. व्याख्या सोपी आहे. एक घनमीटर वीटकामास सुमारे ५०० प्रमाण विटा लागतात; ते बांधण्यास गवंड्याचे किती तास आणि बिगाऱ्याचे किती तास लागले, हे लिहून ठेवले की त्या कामापुरते उत्तर मिळाले. परंतु हे असे उत्तर क्वचितच कोणी काढतो. धंद्याच्या उत्पादकतेसंबंधी जे आकडे सभांतून मिरविले जातात ते रुपयांचे असतात: बांधकामातून देशाच्या उत्पन्नात किती मूल्य पडले, भागिले त्या धंद्यात किती माणसे आहेत. ह्या भागाकारातील भाज्य आणि भाजक हे दोन्ही किती ठिसूळ आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भाज्य पाहा. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून राष्ट्रीय उत्पन्नाची जी मालिका अनेक वर्षे चालली, तीत बांधकामाचे तिमाही अंदाज मुख्यतः सिमेंटचे उत्पादन आणि तयार पोलादाचा खप ह्यांवरून बसविले जात. पक्क्या बांधकामाचा वार्षिक अंदाजही सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड इत्यादी माल किती खपला यावरून काढला जाई. देशभर विखुरलेली लाखो बांधकामे एकेक करून मोजणे अशक्य, म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी हा मार्ग पत्करला. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्याने माल उधळला, गरजेहून जाड तुळया घातल्या, चुकलेले काँक्रीट फोडून पुन्हा ओतले, त्याच्या हातून ह्या हिशेबाप्रमाणे अधिक 'बांधकाम' झाले. आणि ज्या कसबी गवंड्याने बेताच्या मालात चिरेबंद भिंत उभी केली त्याच्या हातून कमी झाले. देशाच्या उत्पन्नाचा अंदाज करण्यापुरते हे चालेल. मजुराच्या कर्तबगारीचा निवाडा करण्यास ते सर्वस्वी निरुपयोगी आहे.

आता भाजक. देशात काम करणाऱ्या माणसांपैकी सुमारे आठांतील एक बांधकामावर आहे. पण ह्यांतील बहुतेकांची नोंद मूळ कंत्राटदाराच्या वहीत नसते. मूळ कंत्राटदार पोटकंत्राटदारास काम देतो, तो मुकादमास देतो, मुकादम नाक्यावरून माणसे उचलतो. कोणी रोजंदारीवर, कोणी उक्त्यावर; कोणी सहा महिने शेतीवर आणि सहा महिने परांचीवर. उक्त्यावर काम करणारे जोडपे बारा तास राबते, तेव्हा कागदावर त्या दोन माणसांचे तास किती धरावयाचे? शिवाय कारखान्यांची जी वार्षिक पाहणी सरकार करते, ती कारखान्यांपुरतीच असते. बांधकामाची जागा तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून भिंतीचे तयार पट्टे किंवा दरवाजांच्या चौकटी कारखान्यात करून आणल्या, तर ते श्रम कारखानदारीच्या खाती जातात आणि बांधकामाच्या जागेवर माणसे कमी दिसतात. काम एका वहीतून उचलून दुसऱ्या वहीत ठेवले आणि त्याला प्रगती म्हटले, असा हा प्रकार आहे.

उत्पादकतेच्या मापाची ही स्थिती. तर यंत्रीकरणाच्या मापाची स्थिती याहून विलक्षण आहे. यंत्रीकरण तीन प्रकारे मोजतात: दर माणसामागे किती अश्वशक्ती आहे हे पाहून, दर माणसामागे किती रुपयांची यंत्रे आहेत हे पाहून, किंवा एकंदर कामाचा किती हिस्सा यंत्राने झाला हे पाहून. पहिल्या दोन मापांनी यंत्र जागेवर आहे एवढेच कळते. ते चालते की गंजते हे कळत नाही. दिवसाचे दोन तास फिरून उरलेला वेळ उभी राहणारी यारी आणि अहोरात्र राबणारी यारी ह्या दोहोंची किंमत वहीत एकच असते. तिसरे माप अधिक शास्त्रीय दिसते, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे.

ह्या तिसऱ्या मापाचा मोठा प्रयोग सोव्हिएत रशियाने केला. १९५४ च्या डिसेंबरात ख्रुश्चेव्ह यांनी बांधकामाच्या यंत्रीकरणाचा पुरस्कार करणारे आपले प्रसिद्ध भाषण केले आणि पुढे त्या देशात शहरेच्या शहरे तयार काँक्रीटच्या पट्ट्यांनी उभी राहिली. माती उपसण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे यंत्रांनी होते असे तेथील आकडे सांगत. आणि त्याच वेळी बांधकामावरील मजुरांचा फार मोठा वर्ग हातानेच काम करीत होता. हे कोडे वाटते, पण कोडे नाही. एक उत्खनक शेकडो माणसांइतकी माती उपसतो, म्हणून मातीच्या घनफळात मोजले म्हणजे यंत्राचा हिस्सा शंभराजवळ जातो. पण खड्ड्याचा तळ सारखा करणे, कोपरे काढणे, गिलावा, फरशी, रंग, नळ ही कामे घनफळात नगण्य आणि माणसांच्या तासांत अवाढव्य असतात. घनफळाने मोजाल तर यंत्रयुग आले. तासांनी मोजाल तर ते अजून दाराबाहेरच उभे आहे. आमच्या मोठ्या शहरांतील एखाद्या इमारतीकडे पाहा: खाली काँक्रीट पंपाने चढते, वर उंच यारी फिरते, आणि आत विसाव्या मजल्यावर गवंडी अजून थापीनेच गिलावा करीत असतो. छायाचित्र मात्र यारीचे निघते.

बरे, यंत्रे वाढली म्हणजे उत्पादकता वाढतेच, हे तरी खरे आहे काय? यंत्रांची ज्या देशात रेलचेल आहे त्या अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिले की, त्या देशात बांधकामातील दर कामगारामागील मूल्यवृद्धी २०२० साली १९७० च्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. हा केवळ मापाचा दोष असेल काय, याचाही त्यांनी विचार केला, आणि तेवढ्याने हे स्पष्ट होत नाही असे त्यांचे मत पडले. दर कामगारामागे किती घरे बांधून झाली हे मोजले, तरी प्रगतीचे चिन्ह दिसेना. ह्या पन्नास वर्षांत अमेरिकेतील बांधकामावरची यंत्रे कमी झाली असे कोणीही म्हणणार नाही. मॅकिन्झी ह्या सल्लागार संस्थेने २०१७ साली जगभरचा हिशेब मांडला, त्यातही बांधकामातील श्रमाची उत्पादकता वीस वर्षांत दरसाल सरासरी १ टक्क्याने वाढल्याचे दिसले. कारखानदारीत हाच वेग ३.६ टक्के होता. जगातल्या सर्व गवंड्यांनी एकाच वेळी आळस करण्याचा कट केला असावा, असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे!

मग वेळ जातो कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका गवंड्यानेच देऊन ठेवले आहे. फ्रँक गिल्ब्रेथ याने १८८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेत वीटकामाची उमेदवारी सुरू केली. विटा रचण्याची रीत पाहताना त्याच्या लक्षात आले की, गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो, ढिगातून वीट उचलतो, ती फिरवून बरी बाजू पाहतो, माल घेतो, वीट ठेवतो आणि थापीने ठोकून बसवितो. पाच पौंडांची वीट उचलण्यासाठी दीडशे पौंडांचे आपले शरीर तो दिवसातून हजार वेळा खालीवर करतो. गिल्ब्रेथने काय केले? भिंतीबरोबर वर सरकणारी परांची केली. विटा व माल गवंड्याच्या हाताच्या उंचीवर ठेवले. बिगाऱ्याकडून विटा आधीच निवडून, बरी बाजू वर करून चौकटीवर रचून घेतल्या. माल इतका बेताचा ठेवला की, हाताच्या दाबाने वीट बसावी, ठोकावी लागू नये. अठरा हालचालींच्या पाच झाल्या. टेलरने १९११ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, पूर्वी ताशी १२० विटा रचणारा माणूस ह्या रीतीने ३५० रचू लागला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. काम जवळजवळ तिप्पट झाले आणि त्यात यंत्र कोणते होते? लाकडाची एक परांची! अश्वशक्तीच्या मापाने येथे काहीच घडले नाही. जे घडले ते मांडणीत, पुरवठ्यात, आणि कोणी कोणते काम करावे ह्या विचारात. पुढे १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत सव्वा वर्षाच्या आत उभी राहिली, तेव्हाही यंत्रांइतकेच महत्त्व होते ते मजल्यामजल्यावर टाकलेल्या लहान रुळांना आणि त्यांवरून वेळेवर माल पोचविणाऱ्या ढकलगाड्यांना. आमच्या शहरांत ज्यांना 'मिवान' म्हणतात ते अ‍ॅल्युमिनियमचे साचे आज वेगाचे प्रतीक मानले जातात. त्यांच्यामुळे मजल्यामागे लागणारे दिवस खरोखरच पुष्कळ कमी झाले. पण ते साचे माणसे हातानेच एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर देतात. यारीची गरज पडू नये अशाच वजनाचे ते केलेले असतात. वेग येतो तो एकच नकाशा पुनःपुन्हा वापरल्यामुळे आणि प्रत्येक तुकड्याची जागा आधी ठरल्यामुळे. याला यंत्रीकरण म्हणण्यापेक्षा शिस्त म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आता ही शिस्त आमच्या सामान्य बांधकामावर किती आढळते? सकाळी नाक्यावरून आलेला गवंडी वाळूची गाडी येईपर्यंत बसून राहतो. वाळू येते तेव्हा पाणी नसते. नकाशात फेरफार झाल्यामुळे कालची भिंत आज फोडावी लागते. गिलावा वाळला न वाळला तोच वायरमन छिन्नी घेऊन येतो आणि विजेच्या नळ्यांसाठी तीच भिंत खोदतो. मागून गवंडी पुन्हा बोलावला जातो आणि ठिगळे लावतो. ह्या बसून राहण्याचा, फोडण्याचा व ठिगळांचा वेळ कोणाच्या खाती पडतो? भागाकारात तो मजुराच्या खाती पडतो, कारण तासांच्या रकान्यात नाव त्याचेच असते. नकाशा वेळेवर न देणारा, वाळूची मागणी वेळेवर न नोंदविणारा, वायरमन व गवंडी यांचा क्रम न लावणारा मनुष्य ह्या हिशेबात कोठेच दिसत नाही. उलट सभेत उभा राहून मजुरांच्या आळसावर तोच बोलतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण अशाच प्रसंगासाठी झाली असावी.

माप चुकले तर चुकले, त्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, माप हे नुसते पाहत नाही. ते काम घडविते. याचा दाखला शोधण्यास मध्यमवर्गीय वाचकास दूर जावयास नको. त्याने आपल्या सदनिकेचा करारनामा उघडावा. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात २०१७ साली जे नियम झाले, त्यांतील नमुना करारात हप्त्यांचा क्रम असा आहे की, जोते पूर्ण होईपर्यंत किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता यावी. पूर्वी ह्या बाबतीत जी बेबंदशाही होती तिला यामुळे आळा बसला, हे श्रेय कायद्यास दिलेच पाहिजे. पण परिणाम काय होतो तेही पाहावे. सांगाडा म्हणजे पैसा, असे समीकरण होते. स्लॅब चढविण्याची घाई आणि यंत्रांचा सारा गजबजाट तेथे. भिंती, गिलावा, फरशी, नळ आणि गळती रोखण्याची कामे, जी फार वेळ खातात व ज्यांवर घराचे सुख अवलंबून असते, ती उरलेल्या ३० टक्क्यांत! म्हणून सांगाडा उभा राहिल्यावरही कुटुंबाने भाडे आणि कर्जाचा हप्ता असे दोन्ही भरीत वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि अखेर घरात गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल यावी, हा अनुभव घरोघरी ऐकू येतो. स्लॅबांच्या मापाने ती इमारत अतिशय 'उत्पादक' होती.

ह्याच कायद्याने बांधणीतील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधणाऱ्यावर ठेवली आहे. तत्त्वतः ही एक प्रकारे उत्पादकतेचीच व्याख्या झाली: जे पाच वर्षे टिकले नाही ते काम नव्हे. पण उत्पादकतेचे आकडे काढणारे दुरुस्तीचे तास मूळ कामाच्या तासांत कधी मिळवीत नाहीत. मिळवले तर पुष्कळ वेगवान कामे मंद ठरतील. ही गोष्ट केवळ ओल येण्यापुरती नाही. लंडनमध्ये १६ मे १९६८ रोजी रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि तयार पट्ट्यांनी झटपट उभारलेल्या त्या इमारतीचा एक सबंध कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. ४ माणसे मरण पावली. कारखान्यात पट्टे केले आणि यंत्रांनी ते चढविले, पण ते एकमेकांस सांधण्याचा विचार पुरेसा झाला नव्हता. वेग मोजला गेला होता. सांधे मोजले गेले नव्हते.

मापातून सुटणारी दुसरी गोष्ट म्हणजे मजुराचा जीव. ठाण्याच्या बाळकूम भागात १० सप्टेंबर २०२३ रोजी एका चाळीस मजली इमारतीवर कामगारांची ने-आण करणारी लिफ्ट कोसळली आणि ७ कामगार मृत्यू पावले. ही लिफ्ट यंत्रीकरणाच्या प्रत्येक मापात जमेच्या बाजूला होती: तिची अश्वशक्ती होती, तिची किंमत होती, तिच्यामुळे वाचलेला वेळ होता. सात माणसांचा मृत्यू मात्र कोणत्याही उत्पादकतेच्या कोष्टकात खर्ची पडत नाही. फार तर भाजक सातांनी लहान होतो. हे वाक्य कठोर वाटेल. पण कठोर आहे ते गणित, आम्ही ते केवळ वाचून दाखवीत आहोत.

तिसरी गोष्ट लाभाच्या वाटणीची. टेलरने बेथलेहेमच्या ज्या मजुराची कथा सांगितली आहे, त्याचे दिवसाचे लोखंड वाहण्याचे काम १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर गेले आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर. काम जवळजवळ चौपट, मजुरी मात्र दुपटीहून कमी. आमच्याकडे यंत्र आले म्हणजे मजुरी वाढण्याचे राहोच, आधी जाते ती घमेले वाहणारी बाई. मिक्सर आला, पंप आला, माल वर नेणारे यंत्र आले, की ओझ्याचे काम संपते. आणि ते यंत्र चालविण्यास शिकविले जाते ते कोणा पुरुषास. ओझे गेले याचा आनंद मानावा. पण ओझ्याबरोबर भाकरी गेली तर त्याला प्रगती म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. बांधकामाने आपल्या मजुरांच्या कल्याणाचा भार उचलावा, हे तत्त्व १९९६ साली संसदेने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसवून मान्यच केले आहे. तेव्हा यंत्रामुळे काम गमावणाऱ्या बाईस गवंडीकाम किंवा यंत्रकाम शिकविणे हा कोणाचा उपकार नव्हे. तो त्या यंत्राच्या किमतीचाच एक भाग आहे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, बांधकाम म्हणजे कारखाना नव्हे. प्रत्येक जागा निराळी, जमीन निराळी, पाऊस निराळा. म्हणून येथे खरे माप घेताच येणार नाही. हा आक्षेप ऐकून हसू येते. ज्या धंद्यात कंत्राटदारास पैसे देण्यासाठी प्रत्येक भिंतीची लांबी, रुंदी, उंची मोजमाप-पुस्तकात उतरविली जाते, तेथे मोजता येत नाही म्हणणे हे काखेत कळसा असून गावाला वळसा घालण्यापैकी आहे. सरकारी खात्यांची दरविश्लेषणे उघडून पाहा. अमुक घनमीटर वीटकामास किती गवंडी व किती मजूर, याची प्रमाणे त्यांत दिलेली असतात. केंद्रीय बांधकाम खात्याच्या अलीकडच्या दरविश्लेषणांतही बेलदार, कुली आणि भिश्ती हे मजुरांचे वर्ग सापडतात. पखाल पाठीवर घेऊन पाणी मारणारा भिश्ती इमारतीवरून केव्हाच नाहीसा झाला. कागदावर तो अजून पाणी मारतो आहे! मोजता येत नाही असे नव्हे. एकदा मोजून ठेवलेले पुन्हा तपासण्याची इच्छा नाही. मोजमाप-पुस्तक एका कपाटात आणि हजेरीपट दुसऱ्या कपाटात. दोघांची गाठ घालून दिली की उत्पादकतेचा पहिला खरा आकडा निघेल. त्यास एक कारकून आणि एक पेन्सिल एवढेच यंत्र पुरे.

दुसरा आक्षेप मजुरांच्या हितचिंतकांचा. मोजमाप सुरू झाले की त्याचा चाबूक होईल. गिल्ब्रेथच्या घड्याळाने मजुरास अखेर यंत्रच बनविले, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण न मोजल्याने मजूर सुटला आहे काय? आज त्याच्यावर आळसाचा आरोप होतो आणि तो खोडून काढण्यास त्याच्यापाशी कागद नाही. मोजमाप जर त्याच्या हातांचेच झाले, तर ते चाबूक होईल हे खरे. पण वाळूच्या, नकाशाच्या व यंत्राच्या वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास कारणासह लिहिला गेला आणि तो कागद त्यालाही पाहावयास मिळाला, तर तोच कागद त्याची ढाल होईल.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढा खटाटोप कोणी करावा? यंत्रे आणली की आपोआप सर्व सुधारेल. ह्या 'आपोआप'चा अनुभव आम्ही एकदा घेतलेला आहे. फाळणीनंतरच्या निर्वासितांना घरे देण्यासाठी दिल्लीत १९४८ साली सरकारने घरांचा कारखाना काढण्याचे ठरविले. कारखान्यातून घरे भराभर बाहेर पडतील अशी अपेक्षा होती. ती सफळ झाली नाही. पुढे १९५३ साली त्या कारखान्याची हिंदुस्थान हौसिंग फॅक्टरी झाली आणि त्याने इतर उपयुक्त कामेही केली. परंतु यंत्र बसविले म्हणजे घर मिळते, ही समजूत मात्र तेव्हाच खोटी ठरली होती. घर मिळते ते यंत्र, माल, नकाशा, माणूस आणि वाहतूक ह्या पाचांची वेळ जुळल्याने. आणि वेळ जुळते की नाही हे कळण्यास आधी ती मोजावी लागते.

यास्तव आमची मागणी अवास्तव नाही. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक इमारतीत झालेल्या कामाचे मोजमाप आणि लागलेले माणसांचे तास एकाच कागदावर यावेत. पोटकंत्राटदाराची व मुकादमाची माणसे त्यात धरली जावीत. बसून गेलेले तास कारणासह निराळे दाखविले जावेत. फोडलेले व पुन्हा केलेले काम, आणि पाच वर्षांत करावी लागलेली दुरुस्ती, मूळ कामाच्या खर्चात मिळवावी. यंत्र किती रुपयांचे आहे हे न सांगता ते किती तास चालले, कोणाचे ओझे त्याने हलके केले आणि कोणाचे काम काढून घेतले हे सांगावे. अपघात त्याच कोष्टकात पहिल्या ओळीत लिहावे, शेवटच्या टिपेत नव्हे. आणि सदनिकेच्या हप्त्यांत सांगाड्यास जेवढे महत्त्व आहे, त्याचा काही अंश घर राहण्याजोगे करणाऱ्या कामांकडे वळवावा.

हे सर्व करून पाहिल्यावर जर असे ठरले की, दोष खरोखर गवंड्याच्या थापीचाच आहे, तर आम्ही तो मुकाट्याने मान्य करू आणि हवी तितकी यंत्रे आणण्यास संमती देऊ. परंतु ते ठरेपर्यंत, ज्यांनी कधी हजेरीपट आणि मोजमाप-पुस्तक शेजारी ठेवून पाहिले नाही, त्यांनी मजुरांच्या आळसावर व्याख्याने देऊ नयेत, आणि त्या व्याख्यानांवर विश्वास ठेवून घराचा हप्ता भरणाऱ्या गृहस्थानेही एवढे विचारल्यावाचून राहू नये की, माझ्या घराला उशीर झाला तो नेमका कोणाच्या तासांत.